सुपातला नकाशा

माझे भासरे डोमाजी जेवायला बसले की आधी ताट फिरवून घेतात. मीठ उत्तरेला आलं पाहिजे. मीठ उत्तरेला, भात मधोमध, वरण भाताच्या पूर्वेला, भाजी पश्चिमेला. ताट मनासारखं लागलं की एकदा मान हलवतात आणि मग पहिला घास घेतात. बाहेर कुठे जेवायला गेले तरी हेच. एकदा एका तेरवीच्या पंगतीत पत्रावळ फिरवताना त्यांचं वरण शेजारच्या माणसाच्या मांडीवर सांडलं. तो चिडला. डोमाजी त्याला शांतपणे म्हणाले, "तुमी दक्षिणेकडं तोंड करून बसून राहिले, त्याले मी काय करू?"

त्यांचं नाव मी इथं लिहिते आहे, पण तोंडानं कधी घेतलेलं नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. भावसून भासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि त्याच्याशी बोलतही नाही. एका घरात राहून आम्हाला बत्तीस वर्षं झाली. मी ताट ठेवते आणि दाराआड होते. त्यांना काही हवं असलं तर ते भिंतीकडे पाहून म्हणतात, "वरण सरलं वाटते." मला काही सांगायचं असलं तर मी मांजराला सांगते. मागे मांजर मेलं तेव्हा दुसरं मिळेपर्यंत फार अडचण झाली होती.

डोमाजींची नोकरी जमिनीच्या मोजणीची. साहेब नव्हते ते. साहेबांच्या पुढेमागे लोखंडी साखळी ओढत नेणारे होते. आमच्या भागात त्या साखळीला जरीब म्हणतात, म्हणून गावात त्यांना अजून डोमा जरीब म्हणतात. जरिबीला दोन टोकं. एक माणूस पुढचं टोक घेऊन चालतो, दुसरा मागचं धरून उभा राहतो. डोमाजी नोकरीभर मागचे. चिखलात, काट्यात, इटियाडोह धरणाच्या नहराच्या काठानं, दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, ते टोक धरून उभे राहिले. रेघ ओढायचे साहेब, आणि नकाशाखाली सही साहेबांची.

नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांना एक जुना नकाशा गुंडाळून ठेवायला सांगितला होता. कापडावर चिकटवलेला. ही हकिगत ते कुणालाही सांगतात, आणि दाराआडून मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मलाही तो नकाशा पाहिल्यासारखा वाटतो. "धानाच्या बांध्या अशा होत्या बाप्पा, जशे मासोळीच्या आंगावरचे खवले. एकासारखी दुसरी नाही. धुरा केसाएवढा. तलावाचं पानी काठाले गर्द अन् मधात फिकं. अन् झाडाझाडाची सावली, सारी एकाच आंगाले पडलेली. ज्यानं काढला त्यानं ऊन कोनीकडून येते तेबी पाह्यलं होतं!" गुंडाळायचं राहून गेलं. साहेब जेवून परत आले तरी डोमाजी उभेच. साहेबांनी शिव्या दिल्या. "तवापासून माहा डोरा बिघडला," असं म्हणत डोळ्याकडे बोट दाखवून ते ही हकिगत संपवतात.

नोकरीत त्यांना कुणी पेन हातात दिला नाही. सुटल्यावर मात्र त्यांनी जो नकाशा काढायला घेतला, तो अजून काढून राहिले आहेत. पळसाची फुलं उकळून केशरी रंग, हळदीचा पिवळा, वालाच्या पानांचा हिरवा, कपड्याची नीळ आणि दिव्याचं काजळ. माझ्या स्वयंपाकघरातून हळद कमी होऊ लागली तेव्हा मी मांजराला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून पावशेर हळद आली. पांदण काढायची तर चाकोऱ्या दोन असल्या पाहिजेत. जिथं धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, झाला तिथं हिरवा, जिथं कापणी झाली तिथं हळद. नाल्याचं पाणी ते बारीक कंगव्याच्या दातांनी ओढतात, म्हणजे खरंच वाहतंय असं वाटतं. झाडताना मी कधी कधी त्या कागदाजवळ थांबते. आमचं गाव मला पायांनी पाठ आहे, पण ते इतकं सुंदर आहे हे मला त्या कागदानं सांगितलं.

सुंदर आहे, पण लोकांना त्याचा जाच होतो. त्यांच्या एका चुलत पुतणीच्या लग्नात पत्रिकेच्या मागे मांडवाची वाट डोमाजींनी हातानं काढली. एकशे दहा पत्रिका. प्रत्येकीवर विहिरी, आंब्याची झाडं, तुटलेला पूल, सारं. वऱ्हाड दोन तास उशिरा आलं. नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, "रस्ता सीधा होता जी. पन तुमच्या कागदावर विहीर दिसली का आमचे बुढे उतरून पाहत होते, खरंच आहे का म्हणून." डोमाजींनी विचारलं, "मंग? होती का?" "होती." "मंग लगन लागते," असं म्हणून ते निवांत झाले.

घरांसाठी त्यांच्या खुणा वेगळ्या. चावणारं कुत्रं असलं तर दोन टिंबं. चहा मिळतो त्या घराला कौलावर धूर. फुली कशाची ते ते सांगत नाहीत, आणि गावात चार घरांवर फुली आहे. ते चारही घरवाले त्यांच्याशी अतिशय गोड बोलतात.

आमच्या ह्यांनी एकदा मोबाईलवर गावाचा नकाशा काढून दाखवला. त्यातली बाई बोलू लागली, पुढे जाऊन उजवीकडे वळा. डोमाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे बाई कवा आली होती आपल्या गावात?"

"ते वरून पाहून सांगते दादा."

"वरून घारबी पाहते. पाय लावल्याबिगर नकाशा खरा होत नाही."

आता भिंतीची गोष्ट.

ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवायचा असं ठरलं. आमच्या गावच्या सरपंच बाई आहेत. सही त्या करतात, बोलतात त्यांचे यजमान. यजमान घरी येऊन म्हणाले, "डोमाजी, भिंत तुमची. पूरा गाव काढा. दिवाळीपावतर पायजे." त्या दिवशी डोमाजींनी ताट फिरवलंच नाही. तसंच जेवले. काय जेवले तेही त्यांना कळलं नसावं. माणसाचं सारं आयुष्य मागचं टोक धरण्यात गेलेलं, आणि आता सगळ्या गावासमोर भिंत मिळाली.

पण त्यांच्या नकाशात एक जागा कोरी होती.

बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीमागे नाल्यापर्यंत झुडपं आहेत; पाळीला आम्ही पारही म्हणतो. आत बायांचा घाट आहे. पिढ्या गेल्या, तिकडे पुरुषमाणूस जात नाही. तिथं आंघोळी होतात, धुणं होतं, चैतात मोहफुलं वाळत पडतात, नव्या सुनेला पहिल्यांदा तिथंच नेतात, आणि सासूची गाऱ्हाणी तिथंच सांगतात. घाट आहे हे सगळ्यांना माहीत. कुठून कुठवर आहे, हे एकाही पुरुषाला माहीत नाही. सरकारी कागदावर तिथं नुसतं झुडपी म्हणून लिहिलेलं. यजमान त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "अठी धानाचं गोदाम बांधू. रिकामीच आहे."

"तठी बायांचा घाट आहे," डोमाजी म्हणाले.

"मालूम आहे. पन कागदावर कोठी आहे? तुमच्या कागदावर तरी आहे का? दाखवा, मंग मानतो."

डोमाजी घरी आले आणि भिंतीला म्हणाले, "कागदावर कोरं राह्यलं का गेलं समजाचं."

मग त्यांनी पार्बताबाईंना धरलं. पार्बताबाई म्हणजे त्यांची बायको, माझ्या थोरल्या जाऊबाई. बाई बोलतात भरपूर, पण त्यांचं बोलणं मोजता येत नाही.

"पारेवरच्या खिंडीतून आत गेलं का मोहाची झाडं किती लंब?"

"एक गोष्ट होतवरी."

"कोनती गोष्ट?"

"कोनतीबी. साधी असली तं लवकर येतात झाडं. कौतिकाच्या सुनेची असली तं मधात थांबा लागते."

डोमाजींनी हे खरोखर लिहून घेतलं. "गोष्ट म्हनजे साठ पावलं धरू?"

"धरा. पन पावसाळ्यात गोष्ट लांबते. चिखल रायते ना."

"मंग घाट कोनीकडं?"

"मंग वरत्या आंगानं जाचं."

"वरतं म्हनजे उत्तर?"

"वरतं म्हनजे वरतं! उत्तर कायले येते तठी?"

तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी बाईंनी हात जोडले. "मले नाही जमत बाप्पा. लहानीले ईचारा. ते पानी आनते रोज, तिले पाऊल न् पाऊल मालूम आहे."

लहानी म्हणजे मी. डोमाजी कागद घेऊन उठले. विचारणार कसे? बायकोच्या मार्फत विचारतो म्हटलं तरी भावसुनेला बायांच्या घाटाची वाट विचारायची, म्हणजे जीभ उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लाखोळीची डाळ पाखडत बसले होते. बाई जवळ येऊन कुरकुरत होत्या, कोऱ्या जागेपायी आता त्यांची भिंत जाते, भिंत गेली तर जेवायचे नाहीत, आणि आपला घाट जातो तो वेगळाच. मला काही सांगावंसं वाटलं, पण माझं बोलणं उशिरा येतं. त्याआधी हात चालू लागला. सुपातच मी डाळीची एक रेघ ओढली, ती वाट. तांदळाची कणी पसरली, तो नाला. मोहाच्या बियांना आम्ही टोरी म्हणतो, त्या झाडांच्या जागी ठेवल्या. घाटाच्या दगडांसाठी सुपारीची खांडं. पावलं मला माहीत होती. डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड असला की पावलं आपोआप मोजली जातात. दहा पावलांना एक चणा, असे वाटेच्या कडेनं सहा चणे ठेवले, आणि उरलेल्या दोन पावलांचे तांदळाचे दोन दाणे.

बाई पाहत राहिल्या. "अवो मा! हे तं आपलंच आहे सारं." त्यांनी ते सूप दोन्ही हातांनी तोलत उचललं आणि भासऱ्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

आता इथं एक घोटाळा झाला. पारेवरची खिंड पश्चिमेला आहे. आम्ही तिथून आत शिरतो आणि उगवतीकडे चालतो. मी सूप मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा सुपाची माझ्याकडची बंद बाजू म्हणजे खिंड आणि सुपाचं तोंड म्हणजे पुढे, जशी चालते तशी वाट. उत्तर-दक्षिण माझ्या मनातही नव्हती. पण बाईंना नवऱ्याची सवय माहीत. उत्तर वरती लागते, म्हणून त्यांनी आठवणीनं सुपाचं तोंड उत्तरेकडे करून ठेवलं. बाईंनी चांगल्या मनानं केलं. झाडं सुपाच्या मधोमध आणि घाट उजव्या हाताला, हे होतं तसंच राहिलं, फक्त सारा घाट पाव फेरा फिरला आणि पूर्वेची वाट उत्तरेची झाली.

डोमाजी त्या सुपाजवळ दुपारभर बसले. संध्याकाळी सूप परत आलं तेव्हा नाल्याच्या वळणावर एक खडा ठेवलेला होता. म्हणजे शंका. मी तिथली कणी थोडी आत ओढून वळण खोल केलं. दुसऱ्या दिवशी खडा घाटाजवळ होता. मी सुपारीचं अजून एक खांड वाढवलं. तिथं एक बसका दगड आहे, तो मी विसरले होते. असं बारा दिवस चाललं. एक दिवस सुपात कागदाचा तुकडा आला, त्यावर पाच हिरवे ठिपके, फिक्यापासून गर्दपर्यंत. मी बराच वेळ विचार केला, मोहाखालच्या सावलीचं काय विचारत असतील म्हणून. मग सर्वात गर्द ठिपक्यावर एक चणा ठेवला. संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आज हासले वो ते. कागदाकडं पाहून हासले."

बाराव्या दिवशी कोरी जागा भरली. झाडताना मी पाहिलं. वाट, नाला, सावलीसुद्धा. इतकं नाजूक काढलं होतं की ते आडवं आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. नकाशा वाचायची मला सवय कुठे होती?

पण पाय लावल्याशिवाय नकाशा खरा होत नाही. डोमाजींना एकदा खात्री करून घ्यायची होती, फक्त मोहाच्या झाडांपर्यंत, घाटाच्या जवळपासही नाही. त्यांनी फार विचार केला असणार. बायांची खिंड पाळीवर नेमकी कुठे आहे हे त्यांना कुठे माहीत होतं? त्यांच्या कागदाप्रमाणे वाट दक्षिणेकडून सुरू होत होती, आणि पाळ वळून दक्षिणेला नहराकडे जाते तिथं खरंच एक खिंड आहे, तिथून बकऱ्या जातात. त्यांना वाटलं, हीच. तिथून सरळ उत्तरेला बासष्ट पावलं, की झाडं. घाट उजव्या हाताला लांब राहील. दुपारी तिकडे शिरले. डोळे कागदावर, एका हातात काठी, आणि पावलं मोठ्यानं मोजत.

दक्षिणेकडून सरळ वर गेलं की घाटच लागतो.

मी तिथं होते. धुणं पिळत होते. ज्यांच्या सुनेच्या गोष्टी लांबतात त्या कौतिकाबाई गळ्याएवढ्या पाण्यात होत्या. झुडपांतून आवाज आला, "अठ्ठावन... एकोनसाठ..." जिला जे सापडलं ते तिनं अंगावर ओढलं. "साठ..." आणि भासरे समोर. मान खाली.

कौतिकाबाई पाण्यातूनच ओरडल्या, "काय गा डोमाजी! आनखी दोन पावलं टाकशीन तं पान्यात पडशीन!"

डोमाजींनी मान वर केली नाही. कागदाकडे पाहतच त्रासून म्हणाले, "मोहाचा झाड कोनं हालवला?"

मग त्यांना आवाज कुणाचा ते कळलं असावं. त्यांनी तो नकाशा दोन्ही हातांनी तोंडावर धरला, मागे वळले, आणि तसेच तोंड झाकून पळायला गेले ते बोराटीत शिरले. काटे लागले असतील, पण ओरडले नाहीत. आतून फक्त "मापी, मापी," असं ऐकू येत राहिलं, लांब जाईपर्यंत. इकडे बायांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसू काही केल्या थांबेना. कौतिकाबाईंना ठसका लागला, त्यांची पाठ चोळावी लागली. मी एकटी हसत नव्हते. मी मनात सूप फिरवून पाहत होते, आणि मला सगळं कळलं होतं.

बायांचं हसून झालं. राग मात्र पुरुषांना आला. दोन दिवसांनी ग्रामपंचायतीसमोर बैठक बसली. सकाळी मी बाईंना म्हटलं, "सूप मी मांडलं होतं."

"फिरवलं तं मीनं," बाई म्हणाल्या. "पन तू तोंड उघडू नोको. मीबी नाही उघडत. त्यायले पाहू द्या."

आम्ही मागे बायांमध्ये बसलो. भावसून भासऱ्याला घाटाची वाट दाखवते, एवढं एक वाक्य गावात फिरलं असतं तर मला कुठल्याच पाणवठ्यावर तोंड दाखवता आलं नसतं. आणि डोमाजींनी खरं सांगितलं असतं तर त्यांची भिंत वाचली असती. कागद त्यांच्या हातातच होता. बोराटीनं तीन जागी फाटलेला.

यजमान म्हणाले, "चाळीस वर्षं जरीब ओढली तुमी. दुसऱ्याच्या बांधीत इतभर फरक नाही पडू दिला. अन् आता सीधे घाटावर?"

डोमाजी कागदाचे फाटके काठ जुळवत राहिले.

"आतलं सारं काढलं आहे तुमी कागदावर. दगडासगट. कोनी सांगतलं तुमाले?"

डोमाजींनी छपराकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोनी नाही. अंदाजानं काढलं."

अंदाज! हा शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला. अंदाजानं जमीन सांगणाऱ्या माणसाच्या घराला ते फुली मारतील असं मला नेहमी वाटे.

"अन् मंग?"

"मोजनी चुकली माही."

"जोरात बोला, मांगं आयकू नाही गेलं."

"मोजनी चुकली," डोमाजी जोरात म्हणाले. "माही."

ज्याची मोजणी चुकते त्याला भिंत कशी द्यायची, असं बैठकीनं ठरवलं. गोंदियाहून पेंटर बोलवायचा, आणि डोमाजींनी त्या बाजूचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. डोमाजींनी मान हलवली आणि घरी आले. फाटका कागद त्यांनी खळ लावून जोडला आणि पेटीत ठेवला. सुपाची दिशा त्यांना तेव्हा कळली होती का? कळली असणार. ज्याला झाडाच्या सावलीवरून ऊन कळतं, त्याला ते बोराटीत असतानाच कळलं असेल. बाईंना किंवा भिंतीला ते एका शब्दानं बोलले नाहीत. मी ताट ठेवत होते, ते जेवत होते.

पेंटर आला तेव्हा धान कापणी चालू होती. गावात रिकामा माणूस नव्हता. पेंटर नीळ लावलेला दोरा भिंतीवर ताणायचा, मधून ओढून सोडायचा, म्हणजे सरळ रेघ उमटायची. पण दोऱ्याचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. पहिल्या दिवशी त्यानं खिळा ठोकून पाहिला. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला जाताना मी पाहिलं, दुसरं टोक डोमाजींनी धरलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून जाऊन उभे राहिले होते, भिंतीकडे तोंड करून.

चौथ्या दिवशी मी पाणी घेऊन परत येत होते. मागे कौतिकाबाई आणि आणखी तिघीजणी. भिंतीवर बोडी झाली होती, पाळ झाली होती. पाळीमागे पांढरं. पेंटर मोबाईलमध्ये पाहत म्हणाला, "अंकल, इधर तो पूरा खाली दिख रहा है. सरपंच साब बोले, गोदाम लिख दो. लिख दूँ?"

डोमाजींच्या हातात दोऱ्याचं टोक होतं. त्या बाजूचं नाव काढणार नाही म्हणून त्यांनी कबूल केलं होतं.

"अंकल? कुछ है क्या इधर?"

मी थांबले. थांबायचं असं काही ठरवलं नव्हतं. पदर पुढे ओढला आणि पेंटरला म्हटलं, "तिथं घाट आहे."

"क्या बोले?"

"घाट आहे म्हनते ते!" मागून कौतिकाबाई गरजल्या. "घाट! औरतों का! काय बयरा आहे का?"

"हाँ, हाँ. लेकिन कहाँ पे? कहाँ से शुरू?"

कौतिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यावर गुंड, समोर भासरे. बत्तीस वर्षांत माझा आवाज त्यांच्या कानांवर सरळ गेला नव्हता. मी पेंटरकडेच पाहून सांगू लागले.

"पारेवर खिंड आहे. तिथून आत यायचं. उगवतीकडं."

भिंतीवर दोरा हलला. डोमाजी तसेच उभे, पाठ आमच्याकडे. फक्त त्यांचा हात खाली सरकला आणि खिंड जिथं यायला हवी तिथं थांबला. पेंटरनं त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि आपलं टोक पूर्वेला नेलं.

"बासष्ट पावलांवर मोहाची झाडं. पाच आहेत. तिथून उजवीकडं नाला."

हात सरकला. बोटभर मागे आला. पुन्हा थांबला.

"वळण खोल आहे तिथं. मग घाट. सहा दगड, एक बसका."

पेंटर गोंधळला होता. तो डोमाजींना म्हणाला, "अंकल, ये सही बोल रही हैं क्या? आप तो मोजनीवाले हो."

डोमाजींनी मागे वळून पाहिलं नाही. मग त्यांनी टोक भिंतीवर अंगठ्यानं घट्ट दाबलं आणि म्हणाले, "बराबर सांगून राहिली ते. मारा दोरा."

पेंटरनं दोरा ओढून सोडला. निळी रेघ उमटली. मी गुंड सावरला आणि घरी आले. भात टाकायचा होता.